दरबार गेला, गाव मिळालं: एका चौकडीची गोष्ट

नमस्कार मंडळी! आज एका चौकडीबद्दल बोलायचंय. चांडाळ चौकडी नव्हे हो, वाजवणारी! दोन व्हायोलिन, एक व्हियोला (व्हायोलिनचाच जरा मोठा, खालच्या सुरातला भाऊ), एक चेलो (त्याहून मोठा, बसून वाजवायचा). स्ट्रिंग क्वार्टेट. इथे हात हलवून इशारे देणारा कंडक्टर नसतो. चौघांनी एकमेकांच्या श्वासावर चालायचं.

अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या गावांत मैफलींचा नवा सीझन जाहीर झाला की त्यात 'रेसिडेंट क्वार्टेट' असं बऱ्याचदा दिसतं. म्हणजे चार दिवसांची पाहुणी नाही, गावचीच चौकडी. आता ती गावची होते कशी?

चला ब्रसेल्सला. १९१२ मध्ये तिथे प्रो आर्ते क्वार्टेट सुरू झाला. नाव एवढं झालं, की हंगेरीचा संगीतकार बार्टोक याने आपला चौथा क्वार्टेट त्यांना अर्पण केला (अशा चौकडीसाठी लिहिलेल्या रचनेलाही क्वार्टेटच म्हणतात). १९३२ मध्ये ते बेल्जियमच्या दरबारचे वादक झाले. राणी एलिझाबेथ स्वतः व्हायोलिन वाजवायची, म्हणजे राजाश्रय आणि तोही जाणकाराचा!

मग आला मे १९४०. मंडळी अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनमध्ये बेथोव्हेनचे क्वार्टेट वाजवत होती. १० मे रोजी हिटलरच्या फौजा बेल्जियममध्ये घुसल्या. परतायला घरच उरलं नाही.

त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना ठेवून घेतलं. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठाने असं करण्याचं हे पहिलं उदाहरण मानतात. आणि हे सरकारी विद्यापीठ बरं का! राजाश्रय गेला, लोकाश्रय मिळाला.

पण त्यांचा पहिला व्हायोलिनवादक आल्फोन्स ओनू १९४० मध्येच वारला. व्हियोलावादक जर्मेन प्रेव्हो यांनी संगीतकार स्ट्राविन्स्कीला गळ घातली, त्याच्या आठवणीत काहीतरी लिहून द्या. १९४४ मध्ये 'एलेजी', म्हणजे शोकगीत, आली. चौघांसाठी नाही, एकट्या व्हियोलासाठी.

माणसं बदलत गेली, नाव मात्र टिकलं. आपल्याकडे घराणं टिकतं, तसंच म्हणा ना. कामही नुसतं वाजवण्याचं नाही. विद्यार्थी घडवायचे, गावासाठी वाजवायचं. विद्यापीठाचं ज्ञान राज्याच्या कानाकोपऱ्यात पोचलं पाहिजे, हा तिथला जुना बाणा; त्याला 'विस्कॉन्सिन आयडिया' म्हणतात. कित्येक वर्षं रविवारी दुपारी विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातून त्यांच्या मैफली रेडिओवर थेट लागायच्या. दूधदुभत्याचं राज्य ते. गोठ्यातही बेथोव्हेन पोचला असणार, असं आपलं मला वाटतं.

आता सीझनकडे या. दौऱ्यावरची चौकडी एकच कार्यक्रम पन्नास गावांत वाजवू शकते, कारण श्रोते रोज नवे. गावच्या चौकडीला ही सोय नाही! समोर तीच माणसं, तोच किराणावाला, तीच शेजारीण. दरवर्षी त्यांना नवं काय देणार? म्हणून पोतडी सतत भरावी लागते. २०११-१२ च्या शताब्दी सीझनला त्यांनी जुन्यावर भागवलं नाही, नव्या रचना मुद्दाम लिहून घेतल्या. अमेरिकी संगीतकार जॉन हार्बिसन यांचा पाचवा क्वार्टेट त्यातलाच. मला विचाराल तर रेसिडेंट असण्याची खरी परीक्षा हीच.

ऐकायला सुरुवात कुठून करायची? अमेरिकी संगीतकार सॅम्युएल बार्बरचं 'अडाजिओ' कानावर पडलं असेलच. ते मुळात त्याच्या क्वार्टेटचा संथ भाग. डिसेंबर १९३६ मध्ये रोममध्ये तो पहिल्यांदा वाजवला तो याच प्रो आर्तेने. आधी ते चार वाद्यांवर ऐका. मग रात्री, हेडफोन लावून, 'एलेजी'. जेमतेम पाचेक मिनिटं. व्हियोलाच्या घोडीवर (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) म्यूट, म्हणजे आवाज दबका करणारा चिमटा, चढवलेला असतो आणि तो शेवटपर्यंत उतरत नाही.