कोलॅबमध्ये नोटबुक सेव्ह केली, मग फाइल गेली कुठे?

नमस्कार मंडळी! कोलॅब म्हणजे ब्राउझरमध्ये पायथन चालवायची गूगलची सेवा, आणि नोटबुक म्हणजे त्यातली कोड आणि आउटपुटची फाइल. पायथन शिकणाऱ्यांकडून त्याबद्दल एकच प्रश्न सारखा येतोय: ‘कोलॅबमध्ये रात्री सगळं सेव्ह केलं, सकाळी फाइल गायब. असं का?’

कंट्रोल-एस तुम्हाला माहीत आहेच. दुसऱ्या कुणाची नोटबुक गिटहबच्या (कोड ठेवायच्या साइटच्या) लिंकवरून उघडली असेल, तर आधी फाइल मेन्यूतून ‘सेव्ह अ कॉपी इन ड्राइव्ह’ करा. नाहीतर तुम्ही केलेले बदल राहणार नाहीत. चला पुढे.

खरी गोची इथे आहे. कंट्रोल-एसने नोटबुक सेव्ह होते, नोटबुकने बनवलेली फाइल होत नाही! नोटबुक असते तुमच्या ड्राइव्हमध्ये, पण कोड चालतो गूगलच्या तात्पुरत्या मशीनवर. फुकटात ते मशीन सलग जास्तीत जास्त १२ तास मिळतं, आणि बराच वेळ काही केलं नाही तर त्याआधीच सुटतं. डावीकडे फोल्डरच्या चिन्हावर क्लिक केल्यावर दिसणाऱ्या फाइली त्या मशीनवरच्या. मशीन गेलं की त्याही गेल्या.

‘पण सर, माझा ग्राफ तर अजून दिसतोय!’ दिसणारच. आउटपुट नोटबुकबरोबर साठवलं जातं. ज्या व्हेरिएबलमधून तो ग्राफ निघाला, ते मात्र मेमरीतून गेलेलं असतं. खालचा सेल, म्हणजे कोडचा चौकोन, चालवून बघा, नेमएरर येईल, म्हणजे ‘हे नाव माहीत नाही’. अशा वेळी वरपासून ‘रन ऑल’ करायचं.

आता ज्यांनी ड्राइव्ह माउंट केलाय, म्हणजे त्या मशीनला जोडलाय, त्यांनी नीट ऐका, कारण सगळ्यात जास्त फाइली इथेच जातात. माउंट केल्याने फक्त रस्ता उघडतो, फाइल आपोआप तिकडे जात नाही. पँडास (पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) वापरून तक्ता फाइलमध्ये लिहिणाऱ्या ‘टू सीएसव्ही’च्या कंसात नुसतं ‘मार्क्स डॉट सीएसव्ही’ लिहिलंत, तर फाइल पुन्हा तात्पुरत्या मशीनवरच पडते. एररसुद्धा येत नाही, म्हणून कळत नाही. कंसात पूर्ण पाथ, म्हणजे फाइलचा पूर्ण पत्ता हवा. तो हाताने टाइप करू नका. डावीकडच्या यादीत ‘ड्राइव्ह’, मग ‘माय ड्राइव्ह’ उघडा, हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘कॉपी पाथ’ घ्या, कंसात चिकटवा, पुढे तिरकी रेघ आणि फाइलचं नाव. फोल्डर आधीच बनवलेलं असू द्या, पँडास ते स्वतः बनवत नाही.

टॅब बंद करण्याआधी ड्राइव्ह वेगळ्या टॅबमध्ये उघडा आणि फाइल तिथे आहे का बघा. कोलॅबच्या यादीत दिसली म्हणून समाधान मानू नका.