चौदा किलो गॅस गेला कुठे?

घरच्या सिलिंडरवर लिहिलेलं असतं, आत १४.२ किलो गॅस. तो संपतो, आपण दुसरा लावतो. माझा प्रश्न असा की धुराड्यातून म्हणा, खिडकीतून म्हणा, तो बाहेर पडला तेव्हा किती किलो होता? मागून कुणीतरी १४.२ म्हणालं. चुकलं, पण कामाचं चुकलं.

एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. हिशेबापुरतं सगळं ब्युटेन धरू. फळ्यावर बघा: ब्युटेनचे २ रेणू, ऑक्सिजनचे १३, त्यातून कार्बन डायऑक्साइडचे ८ आणि पाण्याचे १०. इथेच मुलं घसरतात. २ ग्रॅमला १३ ग्रॅम लिहून मोकळी होतात! अहो, हे आकडे नगांचे आहेत, वजनाचे नाहीत. ब्युटेनचं रेणुवस्तुमान ५८, ऑक्सिजनचं ३२. नगांवरून वजनावर यायचं तर वाटेत मोल लागतो. एक मोल म्हणजे सुमारे ६.०२२ गुणिले १० चा तेविसावा घात, इतके नग. ब्युटेनचे तेवढे रेणू ५८ ग्रॅम भरतात, बस्स.

आता १४,२०० ला ५८ नं भागा. साधारण २४५ मोल. दोनाला आठ, म्हणजे एकाला चार: ९८० मोल कार्बन डायऑक्साइड. प्रत्येकी ४४ ग्रॅम, झाले ४३ किलो! पाणी एकाला पाच मोल, म्हणजे २२ किलो. नेहमीच्या बादलीत मावणार नाही एवढं, वाफ होऊन गेलं. बेरीज ६५. वरचे ५१ किलो हवेतल्या ऑक्सिजनचे.

या हिशेबाला स्टॉइकिओमेट्री हे नाव जर्मनीच्या रिश्टर या रसायनशास्त्रज्ञानं १७९२ मध्ये दिलं. तेव्हा डाल्टनचा अणुसिद्धान्तसुद्धा यायचा होता. बिचाऱ्यानं आम्लं आणि अल्कं नुसती तोलून प्रमाणं काढली. त्याच्याकडे वजनं होती, नग नव्हते. आपल्या मुलांचं उलटं.

आता हवेकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. वायूंमध्ये नगांचं प्रमाण आकारमानालाही चालतं. एक लिटर ब्युटेनला साडेसहा लिटर ऑक्सिजन, म्हणजे जवळपास ३१ लिटर हवा. बर्नरची भोकं चोंदली की एवढी हवा मिसळत नाही. ज्योत पिवळी पडते, पातेल्याचं बूड काळं होतं. गॅस भरपूर, ऑक्सिजन तोकडा. जो तोकडा पडतो, तोच किती जळणार ते ठरवतो. पुस्तकात याला लिमिटिंग रिएजंट म्हणतात.

काजळी निदान दिसते तरी. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर चालू ठेवला, तर ब्युटेनच्या त्याच २ रेणूंना १३ ऐवजी ९ च ऑक्सिजन मिळाले असं समजा. पाणी तेवढंच, १०. पण कार्बनच्या वाट्याला एकेकच ऑक्सिजन अणू येतो आणि कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचे ८ रेणू तयार होतात. रंग नाही, वास नाही, आणि माणूस आत अंघोळ करतोय. १३ चे ९ झाले, एवढाच फरक. अणू मोजून दोन्ही समीकरणं वहीत जुळवून बघा, तोवर मी फळा पुसतो.