फुलांच्या घाटीतलं निंदण

[दृश्य: यवतमाळ जिल्हा. कपाशीच्या तासांत वाकलेल्या बाया.]

निंदणाला बाया मिळत नाहीत, हे आमच्याकडचं श्रावणातलं रोजचं रडगाणं. ते मागे टाकून काकू माझ्यासोबत उत्तराखंडला निघाली. गावाला वाटलं, बद्रीनाथला चालली. तिनंही दुरुस्त केलं नाही. फुलं पाहायला कोणी एवढं लांब जातं, हे पटणार कोणाला?

[दृश्य: खेचरं, पाऊस, दगडी वाट.]

गोविंदघाटाहून पुलनापर्यंत जीप, पुढे घांघरियापर्यंत नऊ-दहा किलोमीटरची चढण. मुक्काम तिथेच, कारण फुलांच्या घाटीत, म्हणजे ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’मध्ये, रात्री थांबू देत नाहीत.

[दृश्य: धुकं. खाली पुष्पावती नदी.]

उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास. हिवाळाभर सगळं बर्फाखाली. मग उन्हाळा-पावसाळ्याच्या जेमतेम चार महिन्यांत उगवायचं, फुलायचं, बी धरायचं; म्हणून ही दाटी. १९३१ मध्ये कामेट शिखरावरून परतताना ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथ इथे आला आणि जगाला ही घाटी कळली. मेंढपाळांना ती आधीपासून ठाऊक होतीच.

निळ्या खसखशीचे मी ढीगभर फोटो काढले. काकू थांबली ती डोक्याएवढ्या वाढलेल्या गुलाबी फुलांपाशी.

“अरे, हा तं आपल्या धुऱ्यावरचा तेरडा!”

त्याच कुळातला. तोडायचं नाही, हे फाटकावरच बजावलेलं. पण पदर घासला आणि एक शेंग टचकन फुटली. टरफल पिळून वळलं, बिया माझ्या बुटावर.

[दृश्य: लालसर दांड्यांचं, पांढऱ्या तुऱ्यांचं दाट रान.]

इथे मात्र तिच्या कपाळावर आठी. खाली दुसरं काही उगवूच न देणारं हे झाड म्हणजे अमेला. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई थांबली, आणि त्यानंतर अमेला माजला असं बरेच जण म्हणतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. काकूचं मत तिथल्या तिथे ठरलं.

“मंग मेंढ्या हाकलल्या कायले?”

वनखातं दरवर्षी मजूर लावून अमेला उपटतं, असं गाइडनं सांगितलं. काकूनं लगेच मजुरी विचारली. आकडा ऐकून पुन्हा विचारली. उतारभर ती बोटांवर काहीतरी मोजत होती, आणि फुलांकडे तिचं लक्ष नव्हतं.