यंदा झोपू द्यायचं का?

दिवस लहान व्हायला लागले की हरमान, ग्रीक आणि हॉर्सफिल्ड जातीची पाळीव कासवं मंदावतात. खाणं कमी होतं. एखादा कोपरा धरून माती उकरायला लागतात. थंडीत झोपणाऱ्या कासवाचं हे ठरलेलं वागणं. पंचाईत अशी, की आजारी कासवही अगदी असंच वागतं.

मग ओळखायचं कसं? आधी त्याला ऊब द्या. दिव्याखालची जागा साधारण 30 ते 32 अंशांवर हवी. नुसतं थंडीनं सुस्तावलेलं कासव काही दिवसांत मान बाहेर काढतं आणि पाल्याकडे चालू लागतं. ऊब मिळूनही ते ढिम्म बसून राहिलं, तर मात्र काळजीचं कारण आहे.

हे कासव जवळून बघा. नाकपुडीत श्वासागणिक एक बारीक बुडबुडा येतो, फुटतो, पुन्हा येतो. पापणी सुजलेली. मागचा पाय हलकेच धरला तर ते हिसका देऊन आत घेत नाही, पाय बोटांत सैल पडून राहतो. याला यंदा झोपवायचं नाही. तोंडात पिवळट थर, डोळ्यामागे कानाच्या जागी टपोरी गाठ किंवा हातात घेतल्यावर जाणवणारा हलकेपणा, यांतलं काहीही असलं तरी उत्तर तेच.

झोपून उठलं की बरं वाटेल, हा समज फार जिवावर बेततो. शीतनिद्रेत, म्हणजे या हिवाळी झोपेत, तापमान 5 अंशांच्या आसपास ठेवतात. अंग इतकं गार पडलं की रोगाशी लढणाऱ्या पेशीही थंडावतात, औषध अंगात नीट भिनत नाही. साठवलेली चरबी आणि मूत्राशयातलं पाणी एवढ्याच शिदोरीवर महिने काढायचे असतात. निरोगी कासवाचं वजन महिन्याला साधारण 1 टक्का घटतं. अशक्त कासवाकडे तेवढंही द्यायला नसतं.

म्हणून उन्हाळा सरता सरताच, सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. विष्ठेत जंत आहेत का, तेही बघावं. जंतांचं औषध स्वतःच्या मनानं देऊ नका. इतर प्राण्यांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाचा जीव घेतं.

झोपवायचं नाही असं ठरलं, की कासव पुरतं जागं ठेवावं लागतं. दिवसाला 12 ते 14 तास उजेड, यूव्हीबी म्हणजे अतिनील किरणांचा दिवा, कोमट पाण्यात अंघोळ, रोज ताजा पाला आणि दर आठवड्याला वजन. हे कष्टाचं आहे, पण करायलाच हवं. खरा धोका अर्धवटपणात आहे. 12-15 अंशांच्या गार खोलीत पडलेलं कासव धड झोपत नाही, धड खातही नाही, नुसतं झिजत जातं. त्यापेक्षा एका हिवाळ्याची झोप चुकली तर त्याचं काहीही बिघडत नाही. जोम आला की पुढच्या वर्षी झोपेल.

आणि जे आधीच झोपलंय, त्याच्या खोक्यात हात घालून बघत राहा. खालचा कागद ओला लागला, म्हणजे त्यानं लघवी केली असेल, तर राखून ठेवलेलं पाणी गेलं. असं झालं किंवा वजन 10 टक्क्यांच्या जवळपास घटलं, तर एकच करायचं: त्याच दिवशी बाहेर काढा, हळूहळू ऊब द्या, कोमट पाण्यात ठेवून पाणी पिऊ द्या. त्या हिवाळ्यात पुन्हा झोपवू नका.