साडेतीन यार्डांची सबुरी

[दृश्य : रिकामं मैदान, पांढऱ्या रेषा. कॅमेरा एका रेषेवरून हळूहळू पुढच्या रेषेकडे सरकतो.]

अमेरिकन फुटबॉलचा हिशेब सोपा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर नवे चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. यार्ड म्हणजे मीटरला चार बोटं कमी.

पास फेकणारा आणि चाल सुरू करणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्याकडून चेंडू पोटाशी घेऊन माणसांच्या भिंतीत घुसतो, तो रनिंग बॅक. त्याच्या अशा एका धावेला आपण ‘खेप’ म्हणू. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, एका खेपेला सरासरी चार ते साडेचार यार्ड मिळतात. तरुण रनिंग बॅकची सरासरी साडेतीनवर अडकली की वाद पेटतो. एक बाजू म्हणते, पोराला वेळ द्या. दुसरी म्हणते, वेळच तर नाही.

[दृश्य : काळ्या पडद्यावर तीन आकडे : ३.६, ३.५, ३.५]

हे तीन आकडे तीन खेळाडूंच्या पहिल्या हंगामाचे. २०१२ चा ट्रेंट रिचर्डसन, क्लीव्हलँड ब्राउन्स. २०१३ चा लेव्हियन बेल, पिट्सबर्ग स्टीलर्स. २०१५ चा मेल्विन गॉर्डन, सॅन डिएगो चार्जर्स. कागदावर तिघं सख्खे भाऊ वाटतात. पुढे मात्र दोघांनी नाव काढलं, आणि उरलेला एक चौथ्या हंगामाआधीच लीगच्या बाहेर गेला. गंमत म्हणजे तिघांत सरासरी सर्वांत चांगली त्याचीच होती.

[दृश्य : क्लीव्हलँडचं स्टेडियम, सरोवराकडून]

रिचर्डसन अलाबामा विद्यापीठाचा. २०११ मध्ये तिथं त्यानं १,६७९ यार्ड आणि २१ टचडाउन केले होते, म्हणजे इतक्या वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे नेला होता. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तिथं, ब्राउन्सचा क्रमांक चौथा. एकच पायरी वर, तिसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी त्यांनी मिनेसोटा व्हायकिंग्जना आपल्या आणखी तीन निवडी देऊन टाकल्या. ब्राउन्सचा दिग्गज जिम ब्राउन तेव्हा उघडपणे म्हणाला होता की हा मुलगा साधारणच आहे. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला जळतंय.

त्या हंगामात रिचर्डसननं ९५० यार्ड केले आणि जिम ब्राउनचा १९५७ चा, संघातल्या नवख्या खेळाडूचा ९४२ यार्डांचा विक्रम मोडला. बातमी झाली, टाळ्या पडल्या. पण जिम ब्राउनला त्या ९४२ यार्डांसाठी २०२ खेपा लागल्या होत्या. रिचर्डसनला २६७.

तरीही २०१२ च्या शेवटी त्याला धीर देणं हेच बरोबर होतं. ऑगस्टमध्ये गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यामुळे सरावाचे सामने हुकले होते. ऑक्टोबरमध्ये बरगड्यांना मार बसला, तसाच तो खेळत राहिला. क्वार्टरबॅकही नवखा, त्यामुळे समोरच्यांना लांब पासची फारशी भीती नव्हती. ते पुढे गर्दी करून उभे राहत. शिवाय ५१ पास त्यानं झेलले. एवढी कारणं समोर असताना एका हंगामावर निकाल देणारा माणूस फक्त तक्ता वाचत असतो.

[दृश्य : मैदानाची आकृती. पाच जणांची फळी, मागे सात यार्डांवर एक ठिपका.]

मग वाचायचं काय? त्यासाठी खेपेच्या आत शिरायला हवं.

‘इनसाइड झोन’ नावाची चाल घ्या. जवळजवळ प्रत्येक संघ ती खेळतो. फळीतले, म्हणजे रनिंग बॅकसाठी वाट काढणारे, पाचही जण एकाच दिशेला पाऊल टाकतात आणि समोर येईल त्याला ढकलतात. फट कुठे पडेल हे आधी ठरलेलं नसतं. फळीतला मधला माणूस तो सेंटर. रनिंग बॅक त्याच्यापलीकडच्या पहिल्या बचावपटूकडे बघतो. तो बाहेर ढकलला गेला तर सरळ आत घुसायचं. आत आला तर बाहेर निसटायचं. आणि सगळी भिंतच एका बाजूला वाहत गेली, तर उलट्या दिशेला मागून वळायचं. चेंडू हातात आल्यापासून हा निर्णय घ्यायला जेमतेम सेकंदभर मिळतो.

नवख्यांची पहिली चूक म्हणजे घाई. वळायचं असलं तरी आधी फळीच्या टाचेपर्यंत जावं लागतं. तुम्ही जवळ येताय असं दिसल्याशिवाय बचावाच्या दुसऱ्या ओळीतले लाइनबॅकर जागा सोडत नाहीत. दोन पावलं आधी वळलात तर लाइनबॅकर मोकळाच असतो आणि थेट अंगावर येतो. पडद्यावर ते फळीचं अपयश दिसतं, पण वाट बिघडवलेली असते पळणाऱ्यानं. दुसरी चूक याच्या उलटी. पाय आखडते घेत एका जागी नाचायचं आणि शेवटी आपल्याच माणसाच्या पाठीवर जाऊन आदळायचं.

घाई सरावानं जाते. एका हंगामात बराच फरक पडतो, कारण ते पावलांचं मोजमाप आहे. शेजारी वाट मोकळी असूनही ती न दिसणं, हे दुखणं वेगळं. ते सरावानं पूर्ण बरं झालेलं क्वचितच दिसतं. वादात ही दोन दुखणी एकाच पोत्यात भरली जातात, आणि खरा घोळ तिथंच होतो.

[दृश्य : गोलपोस्टच्या मागून घेतलेलं चित्रण, हळू गतीत]

म्हणून बाजूच्या कॅमेऱ्यापेक्षा गोलपोस्टमागचं चित्रण बघावं. पन्नासेक खेपा घ्या आणि प्रत्येकीला चार गोष्टी टिपा. समोरच्या पेटीत, म्हणजे फळीच्या आसपास, किती बचावपटू उभे होते : सहा, सात की आठ? पहिला धक्का कुठे बसला : रेषेच्या मागे की पुढे? धक्क्यानंतर किती यार्ड मिळाले? आणि चित्र थांबवून बघा, त्या क्षणी दुसरीकडे वाट मोकळी होती का? पहिल्या दोन रकान्यांत दोष फळीचा किंवा डावपेचांचा निघतो. तिसऱ्यात अंगातली ताकद कळते. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, आणि तो कुठल्याही तक्त्यात छापून येत नाही.

सरासरी आणखी एका प्रकारे फसवते. एकानं दहा खेपांत प्रत्येकी चार यार्ड काढले. दुसऱ्यानं नऊ वेळा भोपळा आणि एकदा चाळीस. दोघांचीही सरासरी चारच. पण दुसऱ्याचा संघ पुन्हा पुन्हा तिसऱ्या प्रयत्नाला लांबच्या अंतरावर अडकतो. म्हणून जाणकार यशस्वी खेपा मोजतात : पहिल्या प्रयत्नात गरजेच्या चाळीस टक्के यार्ड, दुसऱ्यात साठ टक्के, तिसऱ्यात पुरते.

[दृश्य : पिट्सबर्ग, तीन नद्यांचा संगम]

आता बेल. २०१३ मध्ये दुसऱ्या फेरीत निवडला गेला. पायाच्या दुखापतीमुळे पहिले तीन सामने बाहेर, पदार्पण थेट लंडनच्या वेम्बलीवर. हंगामात २४४ खेपा, ८६० यार्ड. पण संपूर्ण स्टीलर्स संघाची सरासरीही साडेतीनच होती. फळीचा कणा असलेला सेंटर मॉर्किस पाउन्सी पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून वर्षभरासाठी गेला होता. बेल फळीमागे चक्क थांबायचा, फट उघडेपर्यंत कळ काढायचा आणि मग सुटायचा. फट उघडतच नसेल तर हा थांबणारा माणूस आळशी दिसतो. २०१४ मध्ये पाउन्सी परतला, फळीचा प्रशिक्षक म्हणून माइक मन्चॅक आला, आणि त्याच थांबण्याला १,३६१ यार्ड मिळाले. सरासरी ४.७.

[दृश्य : सॅन डिएगो. सरावात एक खेळाडू चेंडू छातीशी धरून दोरखंडांच्या जाळीतून जातो.]

गॉर्डनची केस अधिक बिकट होती. विस्कॉन्सिन विद्यापीठाकडून २०१४ मध्ये त्यानं २,५८७ यार्ड केले. नेब्रास्काविरुद्ध एका सामन्यात ४०८, तेही तीन चतुर्थकांत. चार्जर्सनी दोन पायऱ्या वर चढून त्याला पंधरावा घेतला. पहिल्या हंगामात १८४ खेपा, ६४१ यार्ड, टचडाउन शून्य. चेंडू सहा वेळा हातातून सुटला. पंधराव्या निवडीचा खेळाडू आणि टचडाउन शून्य! लोक चिडणार नाहीत तर काय?

पण कारणं शोधली तर सापडत होती. विस्कॉन्सिनमध्ये तो क्वार्टरबॅकच्या मागे खोल उभा राहायचा आणि पुढे वाट करून द्यायला फुलबॅक असायचा. खोलवरून धावत आलेल्याला वेगही मिळतो आणि चित्रही समोर दिसतं. चार्जर्सकडे तो बऱ्याचदा शॉटगन रचनेत, क्वार्टरबॅकच्या शेजारी उभा. तिथून पहिलं पाऊल आडवं पडतं, वेग पुढे घ्यायला आणखी एक पाऊल खर्च होतं. फुलबॅक नव्हताच. दुखापतींमुळे फळी सतत बदलत होती. मुरलेला डॅनी वुडहेडही त्याच फळीमागे ९८ खेपांत ३.४ वरच होता.

२०१६ च्या सुरुवातीला गॉर्डनच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. ड्राफ्टमध्ये संघानं डेरेक वॉटला घेतलं. हा फुलबॅक विस्कॉन्सिनमध्ये गॉर्डनचाच साथीदार होता. पुढच्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात गॉर्डननं दोन टचडाउन केले, तेरा सामन्यांत धावून दहा. यार्ड ९९७, हजाराला तीन कमी. सरासरी ३.९, म्हणजे अजूनही डोळ्यांत भरणारी नव्हतीच. २०१८ मध्ये ती ५.१ झाली.

चेंडू सुटण्याबद्दल स्वतंत्र बोलायला हवं, कारण तेवढ्यावरून पोरांना बाकावर बसवलं जातं. चेंडू धरताना पाच ठिकाणी स्पर्श हवा : टोकावर बोटं, खाली तळवा, मग कोपरापुढचा हात, दंड आणि छाती. टोक वर, जवळजवळ काखेकडे झुकलेलं. कोपर अंगापासून सुटलं की मागून येणाऱ्याला ठोसा मारायला जागा मिळते. चेंडू बहुधा दुसऱ्या टॅकलला सुटतो. पहिल्यातून निसटण्यासाठी हात तोल सावरायला बाहेर जातो, आणि नेमका तेव्हा दुसरा येऊन पोहोचतो. न्यूयॉर्क जायंट्सच्या टिकी बार्बरचा चेंडू २००२ आणि २००३ मध्ये नऊ-नऊ वेळा सुटला होता. २००४ मध्ये प्रशिक्षक टॉम कॉफ्लिन आले, त्यांनी चेंडू उंच आणि घट्ट धरायला लावला. त्या वर्षी पाच वेळा सुटला, २००५ मध्ये एकदाच, आणि त्या एका वर्षात १,८६० यार्ड. तिशीच्या माणसाची पकड सुधारते, तर बाविशीच्या पोराची का सुधारू नये?

ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर धावून येणारे जादा बचावपटू, अडवणंही तसंच शिकता येतं. नजर आधी आतल्या बाजूला, मग बाहेर. जवळून येणारा धोका पहिला. क्वार्टरबॅकच्या मांडीत बसून वाट पाहायची नाही, एक पाऊल पुढे जाऊन भिडायचं. डोकं खाली घातलं की समोरचा बगल देऊन जातो. नवख्यांना तिसऱ्या प्रयत्नाला बाहेर काढतात ते बहुधा यामुळेच.

[दृश्य : इंडियानापोलिस, बंद छपराचं स्टेडियम]

पुन्हा रिचर्डसन. १८ सप्टेंबर २०१३ ला, हंगामाचे दोनच सामने झालेले असताना, ब्राउन्सनी त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सना विकलं. बदल्यात पुढच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड. कोल्ट्सकडे क्वार्टरबॅक अँड्र्यू लक. आता फळी नवी, डावपेच नवे, पासची भीतीही होती. सबबी एकेक करून गळाल्या. त्याच्या १५७ खेपांना ४५८ यार्ड मिळाले. सरासरी २.९.

त्याच फळीमागे डोनाल्ड ब्राउन १०२ खेपांत ५३७ यार्ड काढत होता. सरासरी ५.३. इतकी दरी दिसल्यावर वाद मिटायला हवा, असं वाटतं. पण जपून. हाच डोनाल्ड ब्राउन पुढच्या वर्षी चार्जर्सकडे गेला आणि ८५ खेपांत २.६ वर आला. पासच्या प्रसंगी जास्त येणाऱ्याला समोर गर्दीही पातळ मिळते. तेव्हा शेजाऱ्याशी तुलना करावी, पण निकाल चौथ्या रकान्यावरच द्यावा. रिचर्डसनच्या चित्रणात तो रकाना भरत चालला होता : डावीकडे मोकळी वाट, आणि हा उजवीकडे ढिगाऱ्यात. ४ जानेवारी २०१४ ला कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धच्या प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, त्याला एकच खेप मिळाली. तीतही चेंडू सुटला.

कोल्ट्सनी तरीही आणखी एक हंगाम दिला. १५९ खेपा, ३.३. त्याच संघात अहमद ब्रॅडशॉ ४.७ वर. आमच्या मते हा दुसरा हंगाम सबुरीचा नव्हता, पहिल्या फेरीची निवड घालवल्याचा संकोच होता. मार्च २०१५ मध्ये त्याला सोडलं. ओकलँड रेडर्सनी घेतलं आणि ऑगस्टमध्ये, हंगामाआधीच, त्यांनीही सोडलं.

धीराला इथं किंमत असते. नवख्याचा करार चार वर्षांचा, संघात जागा ५३, आणि रनिंग बॅकची उमेदीची वर्षं पंचविशीच्या आसपासच सरतात. क्वार्टरबॅकला तीन वर्षं देता येतात, याला नाही. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. १९६३ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. आम्ही हिशेब असा धरतो : गुडघा, फळी, पकड, ब्लिट्झ यांतलं काही असेल तर दुसरा हंगाम पूर्ण द्यावा, तोही रचना बदलून. मोकळी वाट दिसत नसेल तर दुसऱ्या हंगामाच्या मध्यावर खेपा निम्म्या कराव्यात.

सतरा सामन्यांत हात झटकणाऱ्या ब्राउन्सना लोकांनी तेव्हा वेड्यात काढलं. निर्णय त्यांचा बरोबर होता. फक्त मिळालेली निवड त्यांनी बावीसाव्या क्रमांकावर चढून जॉनी मॅन्झिएलवर लावली, आणि तो दोन हंगामांत संपला. शहाणपण एका हातानं कमवावं आणि दुसऱ्यानं उधळावं, तर ते क्लीव्हलँडनं.

[दृश्य : अलाबामातलं बर्मिंगहॅम. अर्धं रिकामं स्टेडियम.]

२०१९ मध्ये अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉल नावाची नवी लीग निघाली आणि आठ आठवड्यांत बंदही पडली. बर्मिंगहॅम आयर्नकडून रिचर्डसन त्यात खेळला. धावून अकरा टचडाउन, लीगमध्ये सर्वाधिक. बहुतेक गोलरेषेच्या तोंडाशी, जिथं वाट शोधायची नसते, फक्त घुसायचं असतं. एकूण १२५ खेपा, ३६४ यार्ड.

[दृश्य : काळ्या पडद्यावर एकच आकडा : २.९]