बीथोव्हेनचे कृतज्ञतास्तोत्र : तीन ध्वनिमुद्रणे

श्रोते हो, नमस्कार. बीथोव्हेनच्या स्ट्रिंग क्वार्टेटचे, म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांसाठी रचलेल्या कृतींचे, संपूर्ण संच आज इतके उपलब्ध आहेत की कोणता ऐकावा हा प्रश्न पडतोच. साऱ्या संचांना गुण देत बसण्याऐवजी एकच भाग निवडून तो वेगवेगळ्या वादकांकडून लक्षपूर्वक ऐकावा, असे माझे मत आहे, आणि त्यासाठी ए मायनर या स्वरपट्टीतील ओपस १३२ (ओपस म्हणजे कृतिक्रमांक) या क्वार्टेटचा तिसरा, संथ भाग मी आज घेतला आहे.

१८२५ च्या वसंतात बीथोव्हेन गंभीर आजारी पडला आणि त्यातून उठल्यावर त्याने हा भाग लिहिला. आजारातून बरे झालेल्याने देवाला वाहिलेले पवित्र कृतज्ञतास्तोत्र, लिडियन स्वरपद्धतीत, असे शीर्षक त्याने स्वतःच त्याला दिले आहे. लिडियन पद्धतीत मध्यम तीव्र असतो, म्हणजे स्वर आपल्या कल्याण थाटाचेच. पण यमनाच्या ओळखीने ऐकू लागणाऱ्याला थोडे सावध राहावे लागते, कारण इथे खाली तानपुऱ्याचा अखंड षड्ज नाही आणि चार वाद्यांच्या स्वरसंगतीमुळे आधारस्वर मधूनच निसटल्यासारखा वाटतो. स्तोत्राच्या प्रत्येक ओळीआधी चारही वाद्ये एकमेकांच्या मागोमाग एक छोटी स्वरावली उचलतात आणि मग ती ओळ एकत्र, लांब स्वरांत वाजते. हे स्तोत्र तीनदा येते. त्याच्या मध्ये दोनदा डी मेजरमधला, तीन आठच्या तालातला एक चैतन्यमय खंड येतो, ज्यावर बीथोव्हेनने ‘नवे बळ जाणवत आहे’ अशा अर्थाचे शब्द लिहिले आहेत.

पहिले ध्वनिमुद्रण बुश क्वार्टेट या चार वादकांच्या चमूचे, १९३७ सालचे. नाझी सत्तेवर आल्यावर जर्मनीत वाजवणे सोडून देणारा आडोल्फ बुश इथे पहिले व्हायोलिन वाजवतो. त्या काळी मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीची एक बाजू साडेचार मिनिटांच्या आसपास संपत असे, त्यामुळे हा भाग मुळात तुकड्यातुकड्यांनी मुद्रित झाला आहे. तरीही लय कुठे ढळलेली जाणवत नाही, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. लय अतिशय विलंबित आहे, स्वरावरचा कंप अगदी जपून घेतलेला आहे आणि लांब स्वर गजाच्या एकसारख्या दाबावर तोललेला राहतो. खरखर आहे, वरच्या पट्टीतला आवाज बारीक होतो, पण पाच-सात मिनिटांत कान त्याला सरावतो.

दुसरे ध्वनिमुद्रण क्वार्टेटो इटालियानोचे, त्यांनी १९६७ ते १९७५ या काळात पूर्ण केलेल्या संचातले. नादाचे सौंदर्य हवे असेल तर हेच ऐकावे. चार वाद्यांचा मिळून एक भरदार, गोल आवाज होतो आणि चेलोची खालची रेघ स्पष्ट उमटते. माझी तक्रार एवढीच की डी मेजरचा खंड आल्यावरही हा नाद तितकाच सुंदर आणि तितकाच सावध राहतो. त्या खंडात स्वर एकाआड एक जोरात आणि हळू वाजवायचे आहेत, पहिल्या व्हायोलिनला चढे कंपित स्वर आहेत; अंगात बळ परतल्याची ती खूण मला इथे पुरेशी जाणवत नाही.

तिसरे ताकाच क्वार्टेटचे, या शतकाच्या पहिल्या दशकातले. १९७५ मध्ये बुडापेस्टमध्ये स्थापन झालेल्या या चमूच्या वादनात स्तोत्राची लय बुशपेक्षा चालती आहे, आणि इथेच मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सापडते. संथ म्हणजे सखोल, असा एक समज या भागाभोवती तयार झाला आहे, आणि तो मला मान्य नाही. ताकाच थोडे पुढे जात असल्यामुळे स्तोत्राची पूर्ण ओळ कानात एकसंध राहते, आणि डी मेजरकडे वळताना गजाची पकडच बदलल्यासारखा फरक पडतो. तुलना करायची ती याच सांध्यावर करावी. स्तोत्र कितीही सुंदर वाजले, तरी त्यातून बाहेर पडताना काही घडले नाही, तर शीर्षकातला आजारातून उठलेला माणूस आपल्याला भेटत नाही.

तिसऱ्यांदा स्तोत्र परतते तेव्हा ‘अत्यंत आंतरिक भावनेने’ अशी सूचना बीथोव्हेनने दिली आहे. ओळ आता सलग येत नाही. तिचे तुकडे चार वाद्यांत विखुरतात आणि भोवती ती आधीची छोटी स्वरावली हलत राहते. या जागी मात्र मी पुन्हा बुशकडेच वळतो, कारण त्याच्या चमूतला प्रत्येक जण आपला तुकडा दुसऱ्याच्या हाती सोपवल्यासारखा वाजवतो.

घरी तुलना करताना एक पथ्य अवश्य पाळावे : तिन्ही ध्वनिमुद्रणांचा आवाज कानाने सारखा करून घ्यावा, कारण जरा मोठा लागलेला तुकडा नेहमीच अधिक चांगला वाटतो. आता आपण बुश क्वार्टेटचे पहिले स्तोत्र आणि त्यानंतरचा डी मेजरचा खंड ऐकू या, आणि लगेच तेवढाच भाग ताकाचकडून.