मागे बघ, जेमी!

[दृश्य : शेगडीवर फॉइलचं पॉपकॉर्न पॅन. फॉइल फुगत चाललंय.]

पॅन सतत हलवत राहायचं. हात थांबला की तळाचे दाणे करपले. 1996 च्या 'स्क्रीम' या भयपटात दिग्दर्शक वेस क्रेव्हन यांनी याच पॅनचं घड्याळ केलंय. फोनवरचा अनोळखी माणूस मुलीला विचारतो, तुझा आवडता भयपट कोणता? थिएटरमध्ये हशा पिकतो. प्रश्न आपल्यालाच आहे ना! तोवर शेगडीवरचं फॉइल फुगत जातं.

[दृश्य : कॉर्डलेस फोन, जवळून.]

हा आवाज रॉजर जॅक्सन यांचा. ते सेटवरच आडोशाला बसून खरोखर फोन लावायचे. कलाकारांशी त्यांची गाठ मुद्दाम पडू दिली नव्हती.

[दृश्य : पातेलं, कॉर्न सिरप, रंगाच्या बाटल्या.]

आता रक्त. एक कप कॉर्न सिरप, पाव कप पाणी, चमचाभर खायचा लाल रंग, निळ्याचे दोनच थेंब, अर्धा चमचा कोको. कोको आधी त्या पाण्यात कालवून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. निळा विसरलात तर दिव्याखाली कोकम सरबत दिसतं. वाळत आलं की कपडा अंगाला चिकटतो, म्हणून कोमट पाण्याचा स्प्रे हाताशी हवा. डाग जात नाहीत, तेव्हा एकाच मापाचे दोन-तीन शर्ट ठेवा. 'स्क्रीम'ला असं रक्त सुमारे 50 गॅलन लागलं, म्हणजे 190 लिटरच्या आसपास.

[दृश्य : सोफा, टीव्ही, शेजारी लपवलेला छोटा कॅमेरा.]

पण खऱ्या भीतीचे भुकेले ज्या प्रसंगासाठी हा चित्रपट पुन्हा लावतात, त्यात रक्त शेवटी येतं. भयपटांचे नियम तोंडपाठ असलेला रँडी सोफ्यावर एकटा 'हॅलोविन' हा जुना भयपट बघतोय. पडद्यावरच्या नायिकेला, जेमी ली कर्टिसला, ओरडून सांगतोय, मागे बघ, जेमी! रँडी झालेल्या नटाचं नावही जेमीच, जेमी केनेडी. आणि खुनी त्याच्याच मागे उभा.

बाहेर व्हॅनमध्ये टीव्ही बातम्यांचा कॅमेरामन लपवलेल्या कॅमेऱ्यातून हे मॉनिटरवर बघतोय आणि तोही ओरडतोय, अरे, मागे बघ! मग त्याला आठवतं, चित्र 30 सेकंद उशिरा येतंय. म्हणजे खुनी आता सोफ्यामागे नसेलही. कॅमेरामन व्हॅनचं दार उघडतो.

विनोद इथे संपतो. दार उघडल्यावर कुणी टोमणा मारत नाही, पात्र कॅमेऱ्याकडे बघून डोळा मिचकावत नाही. नियम माहीत असलेला प्रेक्षक तेवढ्यापुरता निःशस्त्र होतो. नंतरच्या पुष्कळ नकलांनी टोमणे उचलले, ते 30 सेकंद मात्र उचललेच नाहीत.

चित्रपटाने जगभरात 17 कोटी डॉलरहून अधिक कमावले, पुढचे भाग निघाले, खुन्याचा मुखवटा दुकानोदुकानी गेला.

[दृश्य : आपला मॉनिटर. सोफा, मागे उघडं दार.]

हे चित्रही 30 सेकंद जुनं आहे.

[संगीत नाही. दृश्य 30 सेकंद तसंच.]